उपास नाहीतर अजीर्ण

अंबादासराव सेलूकर रोज पहाटे पाच वाजता मोटार चालू करत आणि कुठेही जात नसत.

छापताना काही चुकलेलं नाही. पाचाच्या सुमाराला त्यांच्या पत्र्याच्या शेडचं दार करकरायचं. मग एक खोकला, दोन खोकले, थोडी घरघर, आणि त्यानंतर इंजिनाचा एकसारखा आवाज. तो बरोबर नऊ मिनिटं चालायचा. मग मोटार बंद, शेडला कडी, आणि अंबादासराव घरात. पुढे दिवसभर ती मोटार जागची हलत नसे. भाजी आणायला ते सायकलवर जात, वाचनालयात पायी जात, आणि लग्नामुंजीला दुसऱ्या कुणाच्या तरी वाहनात कडेला बसून जात. कुणी विचारलंच की काका, दारात मोटार असून पायी का, तर म्हणत, "जनाब, तिचं काम निराळं आहे."

ते काम काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी परभणीहून बदलून औरंगाबादला आलो होतो. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची माझी नोकरी. छावणी ओलांडून पडेगावकडे जाताना दहा-बारा घरांची एक वस्ती तेव्हा नवीनच झाली होती, तिथे जागा मिळाली. जागा चांगली, हवा चांगली, पाणी त्या मानाने बरं. पण पहाटेची झोप हा माझा जन्मापासूनचा एकुलता एक शौक आहे, आणि माझ्या खिडकीपासून अंबादासरावांची शेड अवघ्या पंधरा पावलांवर होती.

माणूस दिसायला सुक्या बोंबलासारखा. बोंबील शब्द त्यांच्या कानावर जाता कामा नये इतके सोवळ्यातले, ही गोष्ट वेगळी. डोक्याला मफलर, तो दिवाळीला चढला की शिवरात्रीला उतरायचा. अंगात बंद गळ्याचा जुना कोट. शिकले उर्दूत, नोकरी केली तहसिलीत पेशकाराची. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतले साहेब बदलले, दप्तर बदललं, अर्जाचे मायने बदलले. अंबादासरावांच्या जिभेवरची उर्दू मात्र कोणी बदलून मागितली नाही, त्यामुळे ती तशीच राहिली. त्यांच्या मोटारीला 'बिघाड' कधी होत नसे. तिला 'मर्ज' होई. ती 'चालू' होत नसे, 'उठत' असे. आणि दुरुस्ती हा शब्द त्यांना असभ्य वाटे. ते 'इलाज' करत.

ती मोटार म्हणजे छावणीतला कोणी फौजी अफसर बदली होऊन जाताना मागे ठेवून गेला ती. काळी, पाठीला बाक आलेली, समोरचे दोन दिवे वटारलेले. पुढून हँडल घालून फिरवायची सोय होती, आणि ती सोय म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हती. कुठल्या विलायती कंपनीची होती कोण जाणे. नावाचा बिल्ला पडून गेला होता आणि अंबादासरावांना त्याचं काही वाटत नव्हतं. "नाव घेऊन का कुणी बरं होतंय?" असं ते विचारत.

त्यांचं वैद्यकशास्त्र एका वाक्याचं होतं.

"मोटारीला मर्ज दोनच. उपास नाहीतर अजीर्ण. बाकी सगळा लोकांचा वहीम."

एका रविवारी त्यांनी मला समोर बसवून ते समजावून सांगितलं. कार्बोरेटर म्हणजे मोटारीचं तोंड. तिथे पेट्रोल आणि हवा यांचा घास कालवला जातो. हवा जास्त झाली की उपास, पेट्रोल जास्त झालं की अजीर्ण. थंडीत पेट्रोल गारठतं, त्याची वाफ होत नाही, म्हणून मोटारीला सकाळी जरा जास्त वाढावं लागतं. त्यासाठी चोक ओढायचा, म्हणजे हवेचं दार अर्धं लोटून घ्यायचं. "पण अंग तापलं की दार उघडलं पाहिजे. नाहीतर ती खातच बसती, आणि मग ओकती." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा कळवळा होता की मला दुपारचं जेवण जाईना.

दुसरं दुखणं होतं ठसक्याचं. पेडल दाबलं की मोटारीने पुढे झेप घ्यायची, त्याऐवजी ती क्षणभर अडखळे, ठसका लागल्यासारखं करे, आणि मग निघे. याचंही कारण उपास. पेडल दाबताक्षणी एका छोट्या पंपातून पेट्रोलचा एक घोट वर यायला हवा. त्या पंपाचं चामडं सुकलं की घोट येत नाही. "पळायच्या आधी माणसाला एक घोट पाणी लागतं की नाही? मग तिनं काय पाप केलंय?"

निदान करायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. आधी मोटारीपासून दहा पावलं लांब उभं राहून डोळे मिटून ऐकायचं. मग मागे जाऊन धुराचा वास घ्यायचा. मग बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरायचा. हात धरल्यावर इंजिन सुधारलं तर उपास, गुदमरलं तर अजीर्ण. शेवटी प्लग काढून त्याचं टोक उन्हात बघायचं. काळं असेल तर अजीर्ण, पांढरं असेल तर उपास. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर अंबादासराव प्लगाला कपाळाशी नेत आणि परत बसवत.

गावातून लोक त्यांच्याकडे मोटारी घेऊन येत. एका डॉक्टरांची गाडी दौलताबादच्या रस्त्यावर चढाला लागली की गचके खायची. शहरातल्या दोन मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरवर खापर फोडून हात टेकले होते. अंबादासरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तिसऱ्या नळकांड्याचा दोष नाही. हिच्या घशात काहीतरी अडकलंय." कार्बोरेटरमधला सुईच्या नेढ्याएवढा जेट काढला, तोंडाने फुंकला, त्यातून ज्वारीच्या कोंड्याएवढा कण उडाला. गाडी गेली ती परत आली नाही. कानाची एवढी तयारी मी गवयातसुद्धा बघितलेली नाही. वीस पावलांवरून श्वास कुठे अडकतो ते त्यांना कळायचं.

त्यांच्या घरातली गोष्ट जराशी अवघड होती. त्या पिढीतले नवरे बायकोचं नाव घेत नसत, 'ही' म्हणत, हे आपल्याला ठाऊक आहे. अंबादासराव मोटारीलाही 'ही'च म्हणत. एका घरात दोन 'ही'. दोघींना थंडी सोसत नसे, दोघी सकाळी खोकत, आणि दोघींबद्दल ते एकाच चिंतेच्या सुरात बोलत. यातून जे व्हायचं ते माझ्या पहिल्याच डिसेंबरात झालं.

पहाटे दार वाजलं. उघडलं तर मफलरात गुंडाळलेले अंबादासराव.

"माफ करा जनाब. ही गार पडलीय. हाका मारून थकलो, उठतच नाही. चार माणसं लागतील."

माझी झोप खाडकन उतरली. सेलूकरकाकूंना मी तोवर दोनदाच बघितलं होतं.

"केव्हा झालं?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी बरी होती. आत्ता एकदा खोकली, अन् खलास."

"मुलाला कळवलं?"

"त्याला काय कळवायचं? तो भिलाईला. आला तरी त्याला काय येतंय यातलं? आपल्यालाच करावं लागल."

माणसाच्या धीराचं मला नवल वाटलं. मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिने पेटवलेला स्टोव्ह बंद केला, पदर डोळ्याला लावला आणि तशीच सेलूकरांकडे धावली. मी रंगनाथ काळ्यांना उठवायला गेलो. काळे आमच्या पलीकडच्या घरात राहत. खुलताबादकडचे शेतकरी, जमीन भाऊ कसायचे आणि हे दूध डेअरीचा टेम्पो चालवायचे. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. काकू गेल्या म्हणताच ते मटकन खाली बसले. "लई भली बाई व्हती," म्हणाले, आणि खांद्यावर टॉवेल टाकून निघाले. वाटेत आणखी दोघांना घेतलं. चप्पल घालावी की नाही यावर कुजबुज झाली, आणि त्या थंडीत आम्ही चौघे अनवाणी, खाली माना घालून सेलूकरांच्या दारात उभे राहिलो.

दार काकूंनी उघडलं. हातात चहाचं तबक होतं, आणि गळ्याला माझी बायको पडलेली, हुंदके देत होती. तिला सोडवायचं कसं हे त्या बिचारीला समजत नव्हतं.

काळे आधी भिंतीला टेकले, मग हसू लागले ते थांबेनात. अंबादासराव शेडपाशी उभे राहून आमची वाट बघत होते. त्यांना काही केल्या विनोद कळेना. "मी सांगितलं की. ही उठत नाही म्हणून. ही म्हणजे ही. दुसरी कोण?" असं म्हणून त्यांनी मोटारीकडे बोट केलं.

काकूंना मात्र सगळं कळलं होतं. बारीक अंगाची, डोळ्यांत मिश्कीलपणा असलेली ती बाई दम खात खात म्हणाली, "आता आलाच आहात तर खांदा द्या. फक्त तिकडं, शेडीत."

त्या दिवसानंतर आम्ही सर्वांनी मिळून अंबादासरावांना विनंती केली की मोटारीला मोटार म्हणा. त्यांनी आठ दिवस प्रयत्न केला. "मोटार म्हणलं की परकं वाटतंय," असं म्हणून सोडून दिलं.

हसण्यावारी हे सगळं ठीक, पण माझी झोप रोजच मोडत होती. जानेवारीत एकदा मी काळ्यांना गाठलं आणि म्हणालो की आपण सगळ्यांनी मिळून त्यांना सांगू या. ज्याला कुठे जायचं नाही त्याने पाचला मोटार चालू करून दहा घरांना का उठवावं? काळे टेम्पोचं चाक बदलत होते. त्यांनी पाना खाली ठेवला.

"तुमाला ठावं नाय वाटतं," ते म्हणाले. "दोन सालाखाली काकूला पहाटं दम लागला. असाच थंडीचा दिस. काकांनी मोटारीत बसीवलं, अन् मोटार उठंना. हँडल मारू मारू हात फोडून घेतला. काकू मागं बसून निळी पडायली. म्या टेम्पो घिऊन निघालो व्हतो म्हणून बरं. दुधाचे क्यान रस्त्यावर उतरवले अन् काकूला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, जराशीक उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

मी खाली ठेवलेला पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

"तवापासून रोज परीक्षा घेतेत तिची. एका हाकंत उठायला पायजे म्हणतेत. म्या सुट्टीवर असलो तर? टेम्पो बंद असला तर? तुमाला झोप येत नसंल तर कानात कापूस घाला. पर त्यांना काय बोलू नका."

मी काही बोललो नाही. कापूसही घातला नाही. उलट त्यानंतर पाच वाजले की मी पांघरुणात पडल्या पडल्या मोजू लागलो. एका हाकेत उठली की मलाच हायसं वाटायचं आणि मी कूस बदलून झोपायचो. तीन हाका लागल्या की दिवसभर कामात लक्ष लागत नसे. नकाशात एकदा कालवा टेकडीवर चढवला, तो असल्याच एका दिवशी.

अंबादासराव मात्र दोन्ही आजाऱ्यांचं एकाच पथ्याने करत. हिवाळ्यात काकूंना दही बंद, मोटारीला पाण्याने धुणं बंद. काकूंच्या छातीला कोमट तेल, मोटारीच्या बॅटरीला कोमट पोत्याची ऊब. घरात दोन गोधड्या होत्या, त्यातली जाड गोधडी बॉनेटवर जायची. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "सवतीला जाड अन् मला पातळ. पण काय बोलावं, ती उठली तर मी उठणार." हे म्हणताना त्या हसत होत्या, आणि हसता हसता खोकला आला म्हणून आत गेल्या.

ठसक्याचा इलाज सापडला तो तिसऱ्या हिवाळ्यात, आणि तोही स्वयंपाकघरात. पंपाचं चामडं कुठे मिळेना. एक दिवस काकू स्टोव्हला हवा भरत होत्या, आणि अंबादासराव समोर बसून ते बघत होते. त्यांचे डोळे चमकले. स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर त्यांनी काढून घेतला, छावणीतल्या चांभाराकडून कडेने तासून आणला, दोन दिवस एरंडेलात भिजवला आणि कार्बोरेटरच्या पंपात बसवला. मोटार पेडलाला पाय लागताच उडी घेऊ लागली. सेलूकरांकडे चार दिवस चहा झाला नाही. ते दोघे चहाला आमच्याकडे येत, आणि अंबादासराव कपात बिस्कीट बुडवून त्याचा रंग आम्हाला दाखवत.

"आता घोट बराबर येतो," ते म्हणाले. "आता येऊ द्या कितीही थंडी."

ती आली. चौथ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या अलीकडे. बाहेरच्या बादलीतलं पाणी हात लावू देत नव्हतं. पाच वाजायला थोडा वेळ होता, आणि दार वाजलं.

"जनाब, हिला दम लागलाय."

मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. पांघरुणातूनच म्हणालो, "चोक पूर्ण ओढून बघा काका. आलोच मी."

मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मोटार नाही हो."

त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. मी आणि बायको तसेच पळालो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठांचा रंग उतरलेला. बोलायची ताकद नव्हती, पण आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला. काळे टेम्पो घेऊन चारलाच गेले होते. वस्तीत दुसरं वाहन नव्हतं. आम्ही काकूंना खुर्चीवर घेऊन उचललं आणि मोटारीच्या मागच्या सीटवर बसवलं. शेजारी माझी बायको त्यांना धरून बसली. अंबादासराव स्टिअरिंगसमोर बसले.

हे सकाळचं काम त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. पेडल दोनदा दाबायचं, चोक ओढायचा, दहा आकडे मोजायचे, मग स्टार्टर. त्या दिवशी त्यांना आकडे आठवले नाहीत. मागून श्वासाची शिट्टी ऐकू येत होती आणि पाय थांबत नव्हता. ते पेडल दाबत राहिले, दाबत राहिले, आणि तो नवा वायसर प्रत्येक दाबाला इमानेइतबारे एकेक घोट वर पाठवत राहिला. स्टार्टर घुर्र करायचा, मोटार एकदा खोकायची आणि गप्प. पुन्हा घुर्र, पुन्हा गप्प. हळूहळू बॅटरीचा आवाज बसत चालला.

"हँडल मारा," ते मला म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी समोर जाऊन हँडल घातलं. फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. पेट्रोलचा असा भपकारा येत होता की माझ्यासारख्या अडाण्यालाही तो जाणवला. पण त्याचा अर्थ मला सांगता येत नव्हता, आणि ज्यांना सांगता येत होता ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. काळ्यांनी सांगितलेली ती सकाळ माझ्यासमोर तशीच्या तशी उभी राहिली होती, फक्त टेम्पो नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला. एकेका श्वासाला एकेक शब्द.

"अजीर्ण... झालंय... तिला."

अंबादासरावांनी मान वळवली.

"चोक... आत ढकला," काकू म्हणाल्या. "पेडल... पूर्ण दाबा. अन्... धरून ठेवा. पाय... हलवू नका."

पेडल तळापर्यंत दाबून धरलं की हवेचं दार सताड उघडतं आणि पोटात साचलेलं पेट्रोल बाहेर निघतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की अंबादासरावांनी लहान मुलासारखं ऐकलं. चोक आत गेला. पाय खाली गेला आणि तिथेच राहिला. काकूंनी माझ्याकडे बघून हात फिरवल्याची खूण केली.

मी हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्याला मोटार फुरफुरली, मागून काळ्या धुराचा लोट आला, आणि ती उठली.

छावणी ओलांडून शहरातल्या दवाखान्यापर्यंत अंबादासरावांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. मोटार कुठे अडखळली नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली. आठ वाजेपर्यंत काकूंच्या ओठांवर रंग आला. अंबादासराव बाहेरच्या बाकावर बसून होते. हाताला पेट्रोलचा वास, मफलर कधी नव्हे तो डोक्यावरून सुटून एका बाजूला लोंबत होता.

"हिला कसं कळलं?" ते मला म्हणाले. "मी तर कधी शिकवलं नाही. मला वाटायचं, ही त्या वेळी झोपलेली असती."

चहाची किटली घेऊन मी आत गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना तेच विचारलं.

"रोज ऐकते की," त्या म्हणाल्या. आवाज अजून कापत होता, पण डोळे पहिल्यासारखे झाले होते. "उपास कसा वाजतो, अजीर्ण कसं वाजतं, त्यावर हे काय पुटपुटत इलाज करतात, सगळं पाठ झालंय. पाच वर्षं झाली."

"पाच वाजता जाग्या असता तुम्ही?"

"दमेकऱ्याला पहाटं कुठली झोप, भाऊ? चारपासून भिंतीला टेकून बसलेली असते. खोकला दाबून धरते, यांना जाग यायला नको म्हणून. हे उठून शेडीत गेले, मोटार चालू झाली, की मग पोटभर खोकून घेते. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय."

माझ्या बायकोने तोंड फिरवलं. वीस पावलांवरून परक्या मोटारीचा अडकलेला श्वास ओळखणारा माणूस, आणि त्याच्या भिंतीपलीकडे रोज ही बाई त्याच्याच मोटारीच्या आड लपून खोकत होती.

"काकांना सांगायला पाहिजे हे," मी म्हणालो.

"डॉक्टरला सांगा," त्या म्हणाल्या. "मी औषध घेईन, काय म्हणतील ते करीन. पण यांना नका सांगू. ते मग मोटार सोडून माझ्या उशाशी येऊन बसतील, अन् मला खोकायची चोरी होईल." त्या थोडा वेळ दम खात थांबल्या. मग म्हणाल्या, "एवढं मात्र सांगा. म्हणावं, थंडीत नऊ मिनिटं पुरत नाहीत. पंधरा तरी चालू ठेवत जा."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि बाहेर आलो. अंबादासराव उठून उभे राहिले.

"काय म्हणाली ही?"

"थंडीत नऊ मिनिटं कमी पडतात म्हणाल्या," मी म्हणालो. "पंधरा मिनिटं तरी तापू द्यावी मोटार."

त्यांनी डोळे मिटले. मोटारीचं ऐकताना मिटत तसेच. मग मान हलवली.

"बराबर आहे. एवढ्या थंडीत पंधराच पाहिजेत. माझ्या ध्यानात कसं आलं नाही."

ते परत बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला डोक्याला पटका बांधलेला एक अनोळखी म्हातारा होता, त्याच्याकडे वळून अगदी अभिमानाने म्हणाले, "आमची मालकीण आहे आत. कान फार तयार आहे तिचा."

म्हाताऱ्याला यातलं काही कळणं शक्य नव्हतं. तो आपला, काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून, "व्हय का," म्हणाला.